सोलापुरात काही होत नाही, की आपण तिकीट काढत नाही?

शेंगाचटणी (धागाकर्ता)

डिसेंबर उजाडला की आपल्याकडं एक रडगाणं हमखास सुरू होतं. "सोलापुरात काही होतच नाही राव, पुण्यात बघा." आणि हेच लोक सवाई गंधर्व महोत्सवाच्या आठवड्यात पहाटेची हुतात्मा नाहीतर वंदे भारत धरून पुणे गाठतात, रीतसर तिकीट काढून मांडी घालून बसतात, मंडपाचे फोटो टाकतात. जावं की. भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केलेला महोत्सव आहे, कान असलेल्या माणसानं जायलाच पाहिजे. माझं दुखणं वेगळं आहे. हाच माणूस हुतात्मा स्मृती मंदिरात नाहीतर फडकुले सभागृहात गाणं आहे म्हटल्यावर पहिला प्रश्न विचारतो, "पास मिळतील का?"

आपल्या गावाला उघड्यावर बसून काही ऐकावं, खावं असे दिवसच मोजके. मार्च लागला की ऊन चढतं, एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढं, मग पाऊस आला तर आला. म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत काय ती मजा. आणि या दिवसांत काय नसतं? दिवाळी पहाट होते. डिसेंबरात होम मैदानावर कृषी प्रदर्शन लागतं. शाळा-कॉलेजांची गॅदरिंगं, बचत गटांची प्रदर्शनं, हातमागाचे स्टॉल. मोहोळ-मंगळवेढ्याकडं हुरडा सुरू होतो. भोगीला घरोघर बाजरीची कडक भाकरी, गरगट्टा, शेंगापोळी. मग सिद्धेश्वराची यात्रा, सात नंदीध्वज, संमती कट्ट्यावरच्या अक्षता, होमप्रदीपन, शोभेचं दारूकाम. यात्रा संपली तरी गड्डा, म्हणजे यात्रेतली पाळण्या-दुकानांची जत्रा, महिनाअखेरपर्यंत गजबजलेला असतो.

मग "काही होत नाही" म्हणजे नेमकं काय होत नाही? मला वाटतं, तिकिटाचं गाणं आणि तिकिटाचं नाटक होत नाही. आणि ते होत नाही कारण आपण ते फुकट मागतो. समजा सभागृहात सहाशे खुर्च्या आहेत. पुढच्या चार ओळी प्रायोजकांच्या. पोलीस, पत्रकार, नगरसेवक, वीजवाले, नातेवाईक असे मिळून दोनेकशे पास. उरलेल्यांपैकी दीडशे तिकिटं विकली तर संयोजक नाचतो. पुण्या-मुंबईहून येणारी मंडळी, त्यांची गाडी, राहणं, ध्वनिव्यवस्था, हॉलचं भाडं यात ते दीडशे तिकिटांचे पैसे कुठं बुडतात कळतही नाही. माणूस एकदा हात पोळून घेतो, दोनदा घेतो, तिसऱ्यांदा लग्नाचा ऑर्केस्ट्रा लावतो.

पैसे नाहीत म्हणू नका. गड्ड्यातल्या आकाशपाळण्याच्या खिडकीवर मी कुणाला पास मागताना पाहिलं नाही. पार्क चौपाटीवर चौघांचं कुटुंब खायला बसलं की नोट मोडतेच. हुरडा पार्टीला माणशी पैसे मोजून गाड्या भरून जातात. गाण्याला मात्र "आपल्या ओळखीचा आहे तो, बोलतो मी त्याच्याशी."

माझं म्हणणं सरळ आहे, पास बंद करा. सगळ्यांचे. संयोजकाच्या सासऱ्याचाही. मग बघा दोन हिवाळ्यांत काय होतं.

रंगभवनची_गल्ली

मालक, तिकीट काढून गेलोय आम्ही. काय मिळालं ते ऐका.

गेल्या हिवाळ्यात इथल्याच एका मैदानावर शास्त्रीय गायनाचा कार्यक्रम. संयोजकांचं नाव घेत नाही, उद्या रस्त्यात भेटतील. तिकिटावर वेळ सहा. आम्ही पावणेसहाला खुर्च्या धरल्या. सव्वासहाला स्टेजवर गाद्या आल्या. साडेसहाला दीपप्रज्वलन, वाऱ्यानं समई विझली, परत पेटवली, फोटोवाल्यासाठी तिसऱ्यांदा पेटवली. मग स्वागतगीत. मग मान्यवर, ओळीनं अकरा खुर्च्या. प्रत्येकाला शाल, श्रीफळ, रोप. प्रास्ताविक. मग एकेकाचं मनोगत, त्यातल्या तिघांनी सांगितलं की मला गाण्यातलं काही कळत नाही आणि ते पटवून देण्यासाठी दहा दहा मिनिटं घेतली. गायिका बाई शाल पांघरून मागं बसलेल्या. तंबोरे लावून ठेवले होते ते त्या गारठ्यात उतरले, ते पुन्हा लावण्यात वेळ गेला. पहिला सा लागला तेव्हा आठ वाजून गेले होते.

आणि दहाला बंद करावंच लागतं. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत, उघड्यावर रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक नाही. वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सवलत देता येते, ते दिवस गणपती, नवरात्र, जयंत्या यांतच संपतात. गाण्याच्या वाट्याला काय उरणार? साडेनऊपासून विंगेतून कोणीतरी मनगटावर बोट आपटायला लागलं. विलंबित निम्म्यात सोडलं, द्रुत उरकलं, भैरवी नाहीच. लोक उठले.

तिकीट काढलेल्या माणसाला सव्वादोन तास सत्कार आणि दीड तास गाणं मिळत असेल तर तो पुण्याला जाणारच. पास बंद करायच्या आधी शाली बंद करा.

पार्कचौपाटी

पास बंद, शाली बंद, सगळं बंद करा बे. पण पाण्याचं काय? आमच्यात पाणी चार-पाच दिवसांनी येतंय. ज्या दिवशी येतंय त्या दिवशी कोण भीमपलास ऐकायला जातंय? परवाच्याला बायको म्हणली, "नाटक बघायला चाललास काय, टाकी कोण भरणार?" नाटकाचं तिकीट वाया गेलं, टाकी भरली.

संयोजकांनी पेठेवार पाण्याचं वेळापत्रक बघून तारीख काढावी. मी चेष्टा करत नाही, खरंच सांगायलोय.

शेंगाचटणी

@रंगभवनची_गल्ली, सत्कारांचं शंभर टक्के मान्य. पण ते अकरा जण स्टेजवर का असतात? कारण कार्यक्रमाचे पैसे त्यांनी किंवा त्यांच्या ओळखीनं आलेले असतात. तिकिटातून पैसे उभे राहिले असते तर त्यांना बोलवायची गरज पडली नसती. जो पैसे देतो त्याला शाल मिळते. तुम्ही आम्ही दिले तर शालीऐवजी गाणं मिळेल. म्हणजे परत माझ्याच मुद्द्यावर आलात.

@पार्कचौपाटी, टाकीला सलाम.

दाजीपेठ_पूर्वभाग

"आपण", "आपल्या गावाला" असं जे लिहिलंय ते कुणाबद्दल आहे? सात रस्ता आणि रेल्वे लाइन्स म्हणजे सोलापूर नव्हे.

मी पूर्व भागातला. आजोबा तेलंगणातून मागावर काम करायला आले ते इथंच राहिले. आमच्या घरात तेलुगू, गल्लीत मराठी, दुकानात कन्नड आणि दोस्तांत दख्खनी. आमच्याकडं बारा महिने काही ना काही चाललेलं असतं आणि त्याला तिकीट नसतं. नवरात्रात बायका बतुकम्मा मांडतात, फुलांचा थर रचून भोवती फेर धरून गातात. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो. गणपतीत लेझीमचे डाव बसवायला पोरं महिनाभर आधीपासून रात्री घाम गाळतात. मुशायरे होतात, कव्वाली होते. यातलं तुमच्या यादीत काय आलं? दिवाळी पहाट आली, फडकुले सभागृह आलं.

पैसे नाहीत म्हणू नका, असं लिहिलंत. पण तीनशे रुपयांचं तिकीट परवडतं कुणाला? आमच्या शेजारणी विड्या वळतात. त्यांना मजुरी हजार विड्यांवर मिळते. सकाळपासून मांडीवर सूप घेऊन पानं कापायची, तंबाखू भरायची, दोरा बांधायचा, तेव्हा दिवसाकाठी हजाराचा आकडा गाठतो, आणि कारखान्यात दिल्यावर त्यातल्या काही छाटून बाजूला काढतात. त्या बाईला आणि तिच्या दोन मुलांना तुमचं गाणं ऐकायचं असेल तर पास हाच मार्ग आहे. तुम्ही बंद करा म्हणताय ते नगरसेवकाचे पास बंद होणार नाहीत. हिचा होईल.

आणि एक आठवण करून देतो. शाहीर राम जोशी या सोलापूरचे. पेशवाईतला हा माणूस तमाशात गेला, लोकांत उभा राहून गायला. सोलापूरच्या गाण्याची मुळं तिकीटखिडकीत नाहीत.

शेंगाचटणी

@दाजीपेठ_पूर्वभाग, माझी यादी अपुरी असेल, तुमच्या गोष्टी तिच्यात घालतो. पण बतुकम्मा आणि रथयात्रा टिकतात ती समाजाच्या वर्गणीवर. वर्गणी म्हणजे आधी काढलेलं तिकीटच की. फरक एवढाच की ती आपण मनापासून देतो. बाहेरचा कलाकार बोलवायचा तर त्याची वर्गणी कोण गोळा करणार? गरिबाला सवलत द्या, मागच्या पन्नास खुर्च्या तीस रुपयांना ठेवा, माझी हरकत नाही. माझी हरकत दाराशी फोन लावणाऱ्या चारचाकीवाल्याला आहे.

पडद्यामागचा_माणूस

बरीच वर्षं कार्यक्रम लावतोय, म्हणून थोडं आतलं सांगतो. दोन्ही बाजूंना आवडणार नाही.

सोलापुरात एक कार्यक्रम उभा करायला किती ठिकाणी जावं लागतं याची कल्पना नसते लोकांना. हॉलची तारीख, अनामत, पोलीस परवानगी, ध्वनिक्षेपकाची वेगळी परवानगी, नाटक असेल तर संहितेला परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे नाटकाच्या सेन्सॉरचं, प्रमाणपत्र आहे का बघायचं, सिनेमाची गाणी वाजणार असतील तर त्यांच्या हक्कांची फी, मंडप टाकला तर अग्निशमनवाले. प्रत्येक टेबलावर काम होतं, पण उठताना "आमच्या साहेबांच्या घरचे चार जण आहेत" हे वाक्य होतंच. लेखी काही नसतं. तुम्ही म्हणाल देऊ नका. एकदा नाही दिले. पुढच्या वेळी अर्जात त्रुटी निघाल्या. त्रुटी खऱ्या होत्या, फक्त आधीच्या सहा अर्जांत त्याच त्रुटी कुणाला दिसल्या नव्हत्या.

त्यामुळं पास बंद करणं माझ्या हातात नाही. पासची ओळ मात्र माझ्या हातात आहे. दोन वर्षांपासून पासवाले मागं, तिकीटवाले पुढं, असं करतोय. पहिल्या वेळी भांडणं झाली, एक गृहस्थ उठून गेले. गेले तर गेले.

तिकिटाबद्दल एक हिशेब सांगतो. नाटक, शास्त्रीय संगीत, लोककला यांच्या पाचशे रुपयांपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी लागत नाही. म्हणजे दोनशेचं तिकीट लावलं तर दोनशे हातात येतात. आणि दोनशेचं विकत नाही, पन्नासचं विकतं, असं काही नाही! पन्नास लावून बघितलंय. लोकांना वाटलं कार्यक्रमच हलका असणार. दीडशे ते दोनशेत गर्दी बरी होते.

आणि @रंगभवनची_गल्ली, सत्काराबद्दल गप्प बसतो. त्या अकरा खुर्च्यांपैकी चार एकदा मीच मांडल्यात.

खड्डामाग

गाणंबजावणं झालं, आता प्रदर्शनाचं बोला. मी स्टॉलच्या आतल्या बाजूला बसणारा माणूस.

हैदराबाद, बेंगळुरू, मुंबई, कुठंही हातमाग मेळ्यात "सोलापूर" पाटी लावली की लोक आपणहून येतात. घरच्या गावात स्टॉल लावला की सोलापूरकर येतो, चिमटीत कापड धरून चोळतो, किंमत विचारतो आणि म्हणतो, "आमच्या ओळखीचा कारखाना आहे, तिथं निम्म्यात मिळते." जातो. त्याला तिथं खरंच मिळते, खोटं बोलत नाही तो. पण तो जी घेतो ती यंत्रमागावरची असते आणि माझ्या पुढ्यातली हातमागावरची, हा फरक त्याला सोलापुरात जन्म काढून माहीत नाही. आणि बाहेर तर वाटेल ती चादर सोलापुरी म्हणून खपते. भौगोलिक मानांकन मिळालं तरी रस्त्यावर गठ्ठा टाकून विकणाऱ्याला कोण विचारतो?

अस्सल जॅकार्ड चादर ओळखायची तर उलटी करा. समोर लाल जमिनीवर पांढरी नक्षी असेल तर मागं पांढऱ्यावर लाल दिसली पाहिजे. दोन पदर एकमेकांत विणलेले असतात, म्हणून नक्षी दोन्हीकडून भरीव लागते. मागच्या बाजूला नुसते फिके डाग दिसले तर ते छापलेलं आहे, घेऊ नका. पहिल्या धुण्याला थोडा रंग सोडला तर घाबरू नका.

आणि वॉल हँगिंग! सोलापूरचे विणकर मागावर माणसाचा चेहरा काढतात हे सोलापूरच्या किती पोरांनी डोळ्यांनी पाहिलंय? चित्राचा कागद ताण्याखाली धरायचा आणि एकेका रंगाचं सूत बोटांनी भरत जायचं. डोळ्याच्या बाहुलीत पांढरा ठिपका यायला दोन धागे इकडचे तिकडे झाले तर माणूस चकणा दिसतो, मग उसवा. एका चेहऱ्यात दिवसच्या दिवस जातात. प्रदर्शनात तयार माल भिंतीला टांगलेला असतो, लोक त्याला छापील पोस्टर समजून पुढं जातात. म्हणून माझी मागणी आहे, स्टॉल कमी लावा, दोन माग आणून मांडा. चालू माग. खट् खट् आवाज आला की माणूस आपोआप थांबतो. एकदा थांबला, पाच मिनिटं बघितलं, की किमतीवर घासाघीस करत नाही, हा माझा अनुभव आहे.

पण प्रवेशाला तिकीट लावू नका. धागाकर्त्याला गाण्याला काय लावायचं ते लावू दे. प्रदर्शनाला दहा रुपये जरी लावले तरी अर्धे लोक दारातून मागं फिरतात, आणि भाडं आम्ही भरलेलं असतं.

सत्काराची एक गोष्ट राहिली. स्टेजवर शाल देता ती कुठली असते? कचकचीत नायलॉनची, बाहेरून आलेली, पाहुणा ती गाडीतच विसरतो. सोलापूरच्या स्टेजवर सोलापूरचा टॉवेल द्या की. निदान रोज अंग पुसताना नाव काढेल.

रंगभवनची_गल्ली

@खड्डामाग, अकरा जणांना टॉवेल द्यायला वेळ तेवढाच लागणार मालक.

आगटी

शेतकरी आहे, मंगळवेढ्याकडचा. वर हुरडा पार्टीचा टोमणा वाचला म्हणून लिहितोय.

गावाकडं हुरडा कधी विकत नव्हते हे खरं. पाहुणा आला की बांधावर आगटी पेटवायची, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं खुपसायची आणि गरम गरम तळहातावर चोळून त्याच्या पुढ्यात टाकायची. आता आम्ही माणशी पैसे घेतो आणि शहरवाले म्हणतात, "हुरड्याचे पैसे?" बाबांनो, हुरडा दाण्यात दूध भरून चीक धरला की आठ-दहा दिवसच असतो. नंतर दाणा टणक होतो, मग त्याची भाकरीच. त्या दिवसांसाठी मागंपुढं पेरणी करून ठेवायची. मालदांडी भाकरीला चांगली, हुरड्याला सुरती, गूळभेंडी, कुचकुची वेगळी लावावी लागते. विद्यापीठाचं फुले मधुर पण चांगलं आहे. गोड दाणा म्हणून पाखरं आधी त्याच्यावरच तुटून पडतात, पहाटेपासून गोफण घेऊन माणूस उभा करावा लागतो. चोळायला बायका लागतात, हात भाजतात त्यांचे. त्या मजुरीचे पैसे आहेत ते.

पण एक कबूल. काही ठिकाणी पाण्याचे फवारे, डीजे आणि ताटात चमचाभर गार हुरडा देतात. तिथं जाऊन हुरड्याला नावं ठेवू नका. जिथं आगटीच्या भोवती बसून खायला मिळतं, शेंगाचटणी, दही, गूळ पुढ्यात असतो आणि चोळणारी बाई थांबत नाही तोवर तुम्ही उठत नाही, तिथं जा. आणि आदल्या दिवशी फोन करा. पन्नास जण न सांगता येतात आणि कणसं मोडलेली नाहीत म्हणून चिडतात.

पुण्यात_अडकलेला

इकडून वाचतोय. पुण्यात आल्यापासून तिकिटाचे कार्यक्रम भरपूर बघितले, चांगले असतात. पण जानेवारीत कंपनीतून रजा काढून मी येतो ती गड्ड्यासाठी. पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी, कमरेच्या पट्ट्यात तोलून धरलेला नंदीध्वज, आणि "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" ही आरोळी रस्ताभर पुढं सरकत येते. यण्णीमज्जनाच्या दिवशी अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक करत पायी फिरतात, त्यात निम्मं जुनं गाव पायाखालून जातं. याला तिकीट नाही, पास नाही, खुर्ची नाही. तुम्हाला पुण्यासारखं शहर करायचंय का सोलापूरला? कशाला?

१२ जानेवारी हा चार हुतात्म्यांचाही दिवस आहे. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन यांना १९३१ साली याच तारखेला येरवड्यात फाशी झाली. यात्रेच्या तोंडावर चार पुतळ्यांपाशी हार पडतात आणि तिथून दोन पावलांवर गड्डा भरत असतो. हे सगळं एका आठवड्यात मावणारं दुसरं गाव दाखवा. विंटर फेस्ट वगैरे बाहेरून आणायची गरज नाही.

शेंगाचटणी

@पुण्यात_अडकलेला, वर्षातून आठवडाभर येणाऱ्याला गाव पुरतं. बाकीच्या आठवड्यांत आम्ही इथं राहतो. यात्रेवर कुणी बोट ठेवलंय का? यात्रा सिद्धरामेश्वरांची आहे, ती माझ्या-तुमच्या मतानं वाढत किंवा घटत नाही. मी बोलतोय ते फेब्रुवारीतल्या एखाद्या शनिवारच्या संध्याकाळबद्दल, जेव्हा घरात बसून भिंती बघाव्या लागतात. "आमच्याकडं गड्डा आहे" म्हणत आपण बाकी सगळ्यावर पांघरूण घालतो. आणि पुण्याला नावं ठेवायची असतील तर पुण्यातून ठेवू नका.

विजापूररोडची_ताई

सगळे दादा, अण्णा आणि मालक बोलून झाले असतील तर मी बोलते.

पास, शाल, टाकी, हुरडा. एवढ्या मोठ्या चर्चेत स्वच्छतागृह हा शब्द एकानंही काढला नाही. मैदानावर तीन तासांचा कार्यक्रम असतो तेव्हा आम्ही घरून निघताना पाणी पीत नाही, हे तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे? गड्ड्यात पोरीला घेऊन गेले, पाळण्यात बसवलं, आरशांत हसलो, भजी खाल्ली, सगळं छान. आणि मग ती म्हणाली "आई, जायचंय." अर्धा तास शोधत फिरले. शेवटी ओळखीच्या दुकानदाराच्या घरी नेलं.

दुसरं, दहाला संपणारा कार्यक्रम म्हणजे आम्हाला नऊलाच उठणं. दहा वाजता रिक्षावाला विजापूर रोडला यायला मीटरची भाषा बोलत नाही. दोन बायकांनी सोबत जायचं म्हटलं तरी घरचे म्हणतात, "कोण आणणार परत?" मग आपसूक गाणं ऐकणारे राहतात ते नवरे. बायका दिवाळी पहाटेला एवढ्या का दिसतात याचा विचार केलाय? ती उजेडात सुटते म्हणून.

@शेंगाचटणी, तिकिटाचं म्हणाल तर मी काढते. आमच्या भिशीत बाराजणी आहेत, बाराही काढतील. पण मला आधी कळू दे की कार्यक्रम किती वाजता सुटणार, सुरू कधी होणार ते सोडून द्या.

शेंगाचटणी

ताई, बरोबर आहे. पण स्वच्छतागृहाचे पैसेही तिकिटातूनच येणार ना? पासवर चालणाऱ्या कार्यक्रमात संयोजक ते कुठून उभं करणार?

विजापूररोडची_ताई

हार-तुऱ्यांतून. आधी ते होऊ दे, मग तिकीट मागा. दुकानदार माल दाखवायच्या आधी पैसे मागत नाही.

आणि एक सुचवते. कार्यक्रम दुपारी चारला का नाही ठेवत? भीमपलास, मुलतानी, पटदीप हे दुपारचे राग आपल्याकडं कुणी मैफलीत गातच नाही, कारण सगळ्या मैफली संध्याकाळनंतर. उन्हाळ्यात दुपारी बसणं शक्य नाही, पण डिसेंबर-जानेवारीत चारचं ऊन काय छान असतं. सातला संपलं की आम्ही उजेड आहे तोवर नाही, तरी गर्दी आहे तोवर घरी. दहाची अट नाही, भैरवीची घाई नाही.

पार्कचौपाटी

दुपारी चारला माणूस झोपलेला असतंय ताई.

रंगभवनची_गल्ली

सत्काराच्या वेळी झोपायचं, गाण्याला उठायचं. मला चालतंय. तंबोरेही उन्हात बरे राहतील.

पडद्यामागचा_माणूस

@विजापूररोडची_ताई, चारचं मनापासून पटलं, पण डिसेंबर-जानेवारीत दुपारचा हॉल मिळत नाही. सगळ्या शाळांची गॅदरिंगं त्याच दिवसांत, तारखा जूनमध्येच लागतात. उरलेले रविवार लग्नांचे. फेब्रुवारीतल्या एका रविवारची चौकशी करतो. चार ते सात, एकच गायक, स्टेजवर भाषण नाही, तिकीट दीडशे, मागच्या दोन ओळी तीस रुपये. @दाजीपेठ_पूर्वभाग, त्या दोन ओळी तुम्ही भरायच्या. पास द्यावे लागतील, पण ते बाल्कनीत.

दाजीपेठ_पूर्वभाग

रविवारी पेठेत पाणी नसेल तर भरतो. आणि जाहिरात तेलुगूतपण काढा.

विजापूररोडची_ताई

पाच वर्षांखालची पोरं आत घेणार का, ते आधी सांगा. आमच्यातल्या चौघींना आहेत.